काडीपासून वेलगुलाब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुलाबाची काडी लावायला दहा मिनिटं लागतात आणि तिला मुळं धरायला दीड-दोन महिने. मला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न या मधल्या काळातले असतात, आणि चुकाही तिथेच होतात. वर पालवी दिसली की जीव हरखतो, हात शिवशिवतात, मग आपण काडी हलवून बघतो, खत घालतो, उन्हात नेतो. पण वेलगुलाबाचं सगळं गणित खाली मुळांशी ठरतं. पुढची उत्तरं तेच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

वेलगुलाब हा खरंच वेल आहे का?

खऱ्या अर्थाने नाही. त्याला तणावे फुटत नाहीत आणि तो आधाराला वेढेही घालत नाही. लांबच लांब वाढणाऱ्या फांद्या आणि खाली वळलेले आकड्यासारखे काटे, एवढंच त्याच्याकडे असतं. रानात या काट्यांनी तो शेजारच्या झुडपांत अडकत अडकत वर सरकतो. भिंतीवर अडकायला काही नसतं, म्हणून त्याला बांधावं लागतं.

यात दोन गट आहेत आणि आपला कोणता हे माहीत असणं पुढे छाटणीच्या वेळी फार उपयोगी पडतं. क्लाइंबरच्या फांद्या जाड, ताठ असतात, फुलं मोठी असतात आणि बहुतेक जाती पुन्हा पुन्हा फुलतात. रॅम्बलरच्या फांद्या सडपातळ, लवचीक, बुंध्यातून भरपूर निघणाऱ्या. छोट्या फुलांचे घोसच्या घोस येतात, पण बहुधा वर्षातून एकदाच आणि तेही आदल्या वर्षीच्या फांद्यांवर.

कोणत्याही जातीची काडी लागते का?

प्रयत्न कोणत्याही जातीवर करता येतो, यश सारखं मिळत नाही. रॅम्बलर फार उदार असतात, त्यांची काडी सहज धरते. मोठ्या फुलांच्या झुडपी गुलाबांपासून निघालेले ‘क्लाइंबिंग’ प्रकार, विशेषतः गडद पिवळे, जास्त हट्टी असतात. पहिल्यांदाच करत असाल तर ‘न्यू डॉन’सारखी जात घ्या. फिकट गुलाबी फुलांची ही जात १९३०च्या सुमारास बाजारात आली, रोगांना चिवट आहे आणि काडीला पटकन मुळं धरते.

याच ‘न्यू डॉन’ला १९३१ मध्ये अमेरिकेतलं वनस्पतींसाठीचं पहिलं पेटंट मिळालं होतं. ते केव्हाच संपलं आहे. पण नव्या जातींवर असे हक्क चालू असतात, आणि त्या मुदतीत काड्यांपासून रोपं करून विकणं बेकायदा ठरतं. कुंडीच्या चिठ्ठीवर तसा उल्लेख आहे का ते बघा. जुन्या जातींच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही.

फांदी कोणती निवडायची?

नुकतंच फूल सुकलेली. अशी फांदी ना फार कोवळी असते ना फार जून, आणि काडीला नेमकं तेच हवं असतं. फूल उमलून पाकळ्या गळायला लागल्या की त्या फांदीचं वय बरोबर झालं असं समजा.

खात्री करायची असेल तर अंगठ्याने काटा बाजूला ढकला. कोवळ्या फांदीचा काटा लवतो आणि सालीसकट फाटतो. फार जून फांदीचा काटा हलत नाही. योग्य फांदीचा काटा ‘टच्’ करून स्वच्छ निघतो आणि खाली हिरवी, किंचित ओलसर खूण राहते. जाडी पेन्सिलीएवढी किंवा थोडी कमी चालते. दाभणासारख्या बारीक काड्या घेऊ नका, त्यांच्यात दोन महिने तग धरण्याइतका साठा नसतो.

बुंध्यातून तरारून निघालेला, अजून न फुललेला जाडजूड धुमारा मोहात पाडतो, पण तो काडीला चांगला नाही. त्याचा गाभा पोकळसर, मऊ असतो आणि लवकर कुजतो.

काडी वर्षातून कधी लावावी?

महिन्यापेक्षा झाडाकडे बघा. पहिला बहर ओसरल्यावरच्या अर्धवट जून काड्या सर्वांत लवकर मुळं धरतात. मात्र हवा १८ ते २४ अंशांच्या आसपास असावी. रणरणत्या उन्हाळ्यात काडी सुकते, गारठ्यात नुसती झोपून राहते. जिथे हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडून झाडं पानं गाळतात, तिथे पानगळीनंतर पूर्ण पक्व, निष्पर्ण काड्याही लावतात. त्या वीत-सव्वा वीत लांब घेऊन दोन तृतीयांश जमिनीत गाडायच्या आणि पुढचं वर्षभर हात लावायचा नाही. संथ रीत आहे, पण कष्ट जवळपास शून्य.

काडी कशी कापायची?

लांबी १५ ते २० सेंटिमीटर, त्यात तीन-चार डोळे, म्हणजे पानाच्या बगलेतल्या, नवी फूट निघते त्या गाठी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, सरळ. वरचा काप डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका. काप वेगवेगळे ठेवण्याचा खरा फायदा म्हणजे दहा काड्या हातात असताना वरची बाजू कोणती हे चुकत नाही. उलटी खोचलेली काडी लागत नाही.

खालची सगळी पानं काढा, वर एक किंवा दोन ठेवा आणि प्रत्येक पानाच्या टोकाकडच्या पर्णिका कमी करा. पान काडीला अन्न पुरवतं, पण पाणीही उडवतं, आणि मुळं नसलेल्या काडीला ते पाणी भरून काढता येत नाही. खालच्या टोकाशी एका बाजूची साल इंचभर हलकेच खरवडली तर तिथूनही मुळं फुटतात. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार असावा आणि स्पिरिटने पुसलेला. बोथट पात्याने काडी चेचली जाते आणि चेचलेल्या जागी बुरशी आधी पोचते.

काड्या कापल्यापासून लावेपर्यंत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

मुळं फुटायची पावडर लागतेच का? मध, कोरफड, बटाटा चालतो का?

पावडर लागतेच असं नाही, पण हट्टी जातींत तिचा फरक पडतो. तिच्यात बहुधा आयबीए हा संजीवक, म्हणजे मुळं फुटायला चालना देणारं द्रव्य, असतो. काडीचं टोक ओलं करा, पावडरीत टेकवा आणि जास्तीची झटकून टाका. थर जाड झाला तर मुळं येण्याऐवजी टोक जळतं. डबीत थेट काडी बुडवू नका, थोडी पावडर कागदावर वेगळी काढून घ्या.

मध जंतूंना थोडा आवर घालतो, पण तो संजीवक नाही. कोरफडीच्या गराने नुकसान होत नाही, तरी त्याच्यावर विसंबू नका. बटाट्यात खोचलेल्या काडीची चित्रं खूप फिरतात. मी ते दोनदा करून पाहिलं. बटाटा मातीत कुजला आणि त्याच्याबरोबर काडीही. तो प्रयोग करू नका असंच मी सांगेन.

कुठल्या मातीत लावायची?

खत नसलेल्या, मोकळ्या मिश्रणात. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मी धुतलेली जाड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) पुरे. मूठभर मिश्रण घट्ट दाबलं तर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. शेणखत, गांडूळखत यातलं काहीही या टप्प्यावर घालू नका. शोषायला मुळंच नाहीत आणि बुरशीला मात्र मेजवानी मिळते.

आधी पेन्सिलीने भोक पाडा, मग काडी सोडा, म्हणजे पावडर पुसली जात नाही. दोन डोळे मिश्रणात गेले पाहिजेत. बाजूने बोटांनी दाबा आणि एकदा पाणी द्या.

झाकून ठेवायची का?

हो. तळ कापलेली पारदर्शक बाटली उपडी घातली की आतली हवा दमट राहते आणि काडी सुकत नाही. पानं प्लास्टिकला टेकू देऊ नका. रोज पाच मिनिटं झाकण उघडा, शिळी हवा जाऊ द्या. जागा उजेडाची पण थेट ऊन नसलेली हवी. उन्हात झाकलेली बाटली तासाभरात आतली काडी शिजवते. झाकलेल्या काडीला पाणी फार कमी लागतं. बाटलीच्या आत बाष्प धरलेलं दिसतंय तोवर देऊच नका.

आठ-दहा दिवसांत पालवी फुटली. म्हणजे काडी लागली ना?

अजून नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो आणि इथेच सर्वांत जास्त काड्या जातात.

काडीच्या आत साठवलेलं अन्न असतं. ऊब आणि ओल मिळाली की डोळे त्या साठ्यावर फुटतात. मुळांचा त्याच्याशी काही संबंध नाही. माझी सुरुवातीची एक काडी बाराव्या दिवशी तीन लालसर कोवळ्या पानांनी सजली होती. मी ती अलगद उचलली. खालच्या कापाभोवती फिकट, खडबडीत, मेणाच्या थेंबांसारखं कडं आलं होतं आणि मूळ एकही नव्हतं. ते कडं म्हणजे जखम भरून येण्याची खूण. मुळं त्यानंतर येतात. मी काडी परत खोचली, पण हवा लागून ते कडं सुकलं असावं. तिसऱ्या दिवशी पानं माना टाकून लोंबली.

तेव्हापासून मी काड्या पारदर्शक ग्लासात लावते. तळाला भोकं पाडायची, बाहेरून काळा कागद गुंडाळायचा आणि आठवड्यातून एकदाच कागद काढून बघायचं. चार ते आठ आठवड्यांत ग्लासच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याचं टोक चिकटल्यासारखं काहीतरी दिसतं. ते पहिलं मूळ. तोवर उचलणं नाही, ओढणं नाही. ग्लास नसेल तर सहा आठवड्यांनंतर काडी दोन बोटांत धरून अगदी हलका ताण द्या. तिने विरोध केला तर खाली मुळं आहेत.

आणि ज्या काडीची पानं गळाली पण साल हिरवी आहे, ती टाकू नका. नखाने किंचित खरवडून बघा. आत हिरवं असेल तर ती जिवंत आहे, आणि अशी निमूट काडीच पुष्कळदा खाली आपलं काम करत असते.

काडी खालून काळी पडत चालली आहे. वाचेल का?

नाही. काळं वर चढत असेल तर ती काढून टाका, म्हणजे शेजारच्या वाचतील. कारण बहुधा जास्त पाणी किंवा बोथट काप असतं. म्हणून एका वेळी निदान आठ-दहा काड्या लावा. सगळ्या धरतील ही अपेक्षा कुणीही ठेवत नाही.

नुसत्या पाण्यात ठेवून मुळं येतात का?

काही जातींना येतात. पण ती मुळं ठिसूळ असतात आणि मातीत नेताना पुष्कळदा मोडतात. दुसरा काही उपाय नसेल तरच.

काडीपेक्षा खात्रीचा मार्ग आहे का?

आहे, आणि वेलगुलाबाला तो फार शोभतो: दाब कलम. लांब, लवचीक फांदी खाली वाकवा, जमिनीला टेकणाऱ्या जागी खालच्या बाजूने साल तिरकी चिरा, चिरेत बारीक काटकी अडकवा, तो भाग बोटभर मातीत पुरा आणि वर दगड ठेवा. शेंडा बाहेर, शक्य तितका उभा. फांदी आईपासून तुटलेली नसते, त्यामुळे मुळं येईपर्यंत तिला पाणी आणि अन्न मिळत राहतं. काही महिन्यांनी मुळं धरली की आईकडून कापायची. झाड आपल्याच अंगणात असेल तर मी हाच मार्ग सुचवेन. काडी खरी कामाची ती दुसऱ्याच्या बागेतला गुलाब आपल्याकडे आणायला.

रोप मोठ्या कुंडीत कधी हलवायचं?

ग्लासच्या कडेला मुळांचं जाळं दिसू लागलं की. दोन-तीन मुळं दिसताच घाई करू नका, ती काचेसारखी कडकन तुटतात. हलवताना मातीचा गोळा अख्खा राहू द्या. नवीन कुंडी वीतभर पुरे. एकदम मोठ्या कुंडीत न वापरलेली माती ओली राहून आंबते. आता थोडं कुजलेलं खत चालतं. या काळात कळी आली तर खुडा. जिवावर येतं, पण त्या एका फुलासाठी रोप मुळांची वाढ थांबवतं.

काडीचं रोप कलमी रोपापेक्षा कमी प्रतीचं असतं का?

नाही. सुरुवातीला हळू असतं, एवढंच. विकत मिळणारे पुष्कळ गुलाब डोळा भरून केलेले असतात: मुळं जंगली खुंटाची आणि वरचं झाड हव्या त्या जातीचं. खुंटाच्या जोरावर ते लवकर भरतात. पण खुंटाला स्वतःची फूट येत राहते आणि ती वेळीच काढली नाही तर वरच्या जातीला दाबून टाकते. अमेरिकेत ‘डॉ. ह्यूई’ नावाचा गडद लाल वेलगुलाब खुंट म्हणून खूप वापरला गेला. वरची जात थंडीने मेली की खालून तोच उगवतो आणि घरचे चकित होतात की गुलाबी गुलाब लाल कसा झाला.

काडीच्या रोपाला हे भय नाही. मुळं आणि फांद्या एकाच जातीच्या, त्यामुळे बुंध्यातून येणारी प्रत्येक फूट आपलीच. जर्मनीतल्या हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रलच्या भिंतीवर एक फार जुना रानगुलाब आहे. मार्च १९४५ मधल्या बॉम्बहल्ल्यात कॅथेड्रल पडलं, गुलाब जळून ढिगाऱ्याखाली गेला, आणि थोड्याच काळात खालच्या मुळांतून पुन्हा फुटला. तो पुन्हा तोच गुलाब होता, कारण मुळं त्याची स्वतःची होती. काडीपासून वाढवलेल्या रोपाकडे हीच ताकद असते.

बाहेर जमिनीत कधी लावायचं?

रोप किमान फूटभर उंच, तीन-चार फुटव्यांचं आणि कुंडी मुळांनी भरलेली असावी. काडी लावल्यापासून याला सहसा आठ महिने ते वर्ष लागतं. कडक थंडीच्या प्रदेशात पहिला हिवाळा आडोशाला काढू द्या.

त्याआधी आठ-दहा दिवस रोपाला बाहेरची सवय करा. पहिल्या दिवशी तासभर सकाळचं ऊन, मग रोज थोडं वाढवत न्या. सावलीत वाढलेलं पान थेट उन्हात गेलं की पांढरं पडून करपतं. लावणी ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी करा, आणि जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना. चिखलात लावलं तर मुळांभोवतीची माती विटेसारखी आवळते.

जागा आणि खड्डा कसा असावा?

दिवसाला निदान सहा तास ऊन, शक्यतो सकाळचं, म्हणजे पानांवरचं दव लवकर वाळतं. भिंतीला अगदी लागून लावू नका. पायथ्याशी पावसाचं पाणी पोचत नाही आणि जी ओल असते तीही भिंत शोषून घेते. ४५ सेंटिमीटर सोडून खड्डा घ्या आणि रोप भिंतीकडे किंचित झुकवून लावा. दोन वेलगुलाबांत अडीच-तीन मीटर अंतर हवं.

खड्डा दीड-दोन फूट लांब-रुंद-खोल. पाणी ओतून बघा. काही तासांनीही तुंबलेलं असेल तर जागा बदला किंवा वाफा उंच करा. निघालेल्या मातीत तिच्या चौथा हिस्सा पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. मातीचा सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान गुलाबाला मानवतो. रोप कुंडीत होतं तेवढंच किंवा दोन बोटं खोल लावा, पायाने तुडवू नका, हाताने दाबा, आळं करून भरपूर पाणी द्या. वर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, खोडाला न टेकवता.

जिथून जुना गुलाब काढला आहे त्याच खड्ड्यात नवा लावू नका. त्या मातीत नवं रोप खुरटतं. दुसरी जागा नसेल तर खड्ड्यातली माती पूर्ण बदला.

आधार केव्हा आणि कसा?

लावणीच्या आधी. नंतर काट्यांमध्ये हात घालून खिळे ठोकणं फार त्रासाचं होतं. भिंतीवर आडव्या तारा ताणा, पहिली जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर आणि पुढच्या तेवढ्याच अंतराने. तार भिंतीपासून चार बोटं पुढे असावी, मागून हवा खेळली पाहिजे. फांद्या तारेच्या मागे खुपसू नका, पुढून बांधा. जाड झाल्यावर मागची फांदी सोडवता येत नाही.

बांधायला जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या उत्तम. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा द्या, एका पोटात तार आणि दुसऱ्या पोटात फांदी, करंगळी जाईल इतका सैल.

आता मुख्य गोष्ट. फांद्या सरळ वर नेऊ नका, पंख्यासारख्या पसरून शक्य तितक्या आडव्या करा. उभ्या फांदीच्या शेंड्यात तयार होणारा ऑक्सिन हा संजीवक खाली उतरतो आणि बाजूच्या डोळ्यांना झोपवून ठेवतो. म्हणून उभ्या वेलाला फुलं फक्त टोकाला येतात आणि खाली उघडी काठी राहते. फांदी आडवी केली की हा दाब सैल होतो, फांदीभर डोळे जागे होतात, प्रत्येकातून एक छोटा उभा फुटवा निघतो आणि फूल त्याच्यावर येतं. वाकवायचं काम फांदी कोवळी असतानाच करा, एका दिवसात नाही, आठवड्याला थोडी थोडी. खांब किंवा कमान असेल तर फांद्या भोवतीने नागमोडी फिरवा, तत्त्व तेच.

छाटणी कधी सुरू करायची?

पहिली दोन वर्षं मेलेल्या आणि मोडक्या फांद्यांखेरीज काही कापू नका. झुडपी गुलाबाच्या सवयीने दरवर्षी खाली छाटलं तर वेल कधी उभाच राहत नाही. झुडपी जातीतून निघालेले ‘क्लाइंबिंग’ प्रकार तर अशा छाटणीने पुन्हा झुडपासारखेच वाढू लागण्याचा धोका असतो. पुढे मुख्य फांद्या राखून बाजूचे फुललेले फुटवे दोन-तीन डोळ्यांवर आणा आणि एखादी फार जुनी फांदी बुंध्यापासून काढा. रॅम्बलरची छाटणी बहर संपल्यावर लगेच. हिवाळ्यात केली तर पुढच्या वर्षीची फुलंच कापून टाकाल.

फुलं कधी येतील?

एखाद-दुसरं पहिल्या वर्षीही येतं. मनासारखा बहर बहुधा तिसऱ्या वर्षी. भरपूर नत्र घालून ही वाट कमी होत नाही, उलट पानंच माजतात आणि मावा धावून येतो. लावणीनंतर दोन-तीन महिने जादा खत नको. नंतर बहराआधी आणि बहरानंतर कुजलेलं खत आणि निंबोळी पेंड पुरते.

पानांवर काळे डाग आहेत, पांढरी भुकटी आहे. काय करू?

काळे गोल डाग आणि भोवती पिवळं म्हणजे ‘ब्लॅक स्पॉट’ बुरशी. पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की ती रुजते, म्हणून पाणी बुंध्याला द्या, सकाळी द्या, आणि गळलेली पानं उचला. पांढरी भुकटी म्हणजे भुरी. तिला हवा कोंडलेली भिंत आणि कोरडी मुळं आवडतात. मागची हवा मोकळी करा, पाणी नियमित करा. पानाखाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी आहे. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा तीन-चार दिवस सकाळी मारा. फांदी शेंड्याकडून काळी होत खाली येत असेल तर आत पांढरा, निरोगी गाभा लागेपर्यंत कापा आणि कापलेलं बागेबाहेर न्या.

कायम कुंडीतच ठेवता येईल का?

लहान वाढीच्या जाती ठेवता येतात. कुंडी निदान दीड-दोन फूट खोल हवी, आणि दर दोन वर्षांनी वरची चार बोटं माती बदलावी लागते. रॅम्बलरला कुंडी पुरत नाही.

केवढा मोठा होईल?

बहुतेक क्लाइंबर अडीच ते पाच मीटर, रॅम्बलर त्याहून बरेच मोठे. टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोनातलं टूम्बस्टोन गाव. तिथला पांढऱ्या फुलांचा ‘लेडी बँक्स’ १८८५ मध्ये स्कॉटलंडहून आलेल्या काडीच्या रोपापासून वाढला आणि आज जगातला सर्वांत मोठा गुलाब म्हणून ओळखला जातो. त्याच्या फांद्यांच्या मांडवाखाली लोक बसतात. तुमच्याकडे जागा नसेल तर जात आधी विचारून घ्या.

घर बदलायचं आहे. मोठा वेल उपटून नेता येईल का?

तीन-चार वर्षांपर्यंतचा नेता येतो, झाड सुप्त असताना, फांद्या निम्म्यावर छाटून आणि मोठ्या गोळ्यासकट. त्याहून जुना वाचण्याची शक्यता कमी. निघायच्या सहा महिने आधी बहर ओसरला की त्याच्या दहा काड्या लावा आणि त्यातलं सगळ्यांत धट्टंकट्टं रोप बरोबर घ्या. मोठा वेल तिथेच राहू द्या.